आधी काडतूस, मग बंदूक

भिवंडीत मागाच्या धंद्यात नव्याने पडू पाहणारा माणूस एखाद्या जाणत्याकडे सल्ल्याला गेला, की जाणता त्याला माग कोणता घेणार हे आधी विचारत नाही. सूत कोणते चालवणार, हे विचारतो. जाड सुताला एक फणी आणि एक ताण, बारीक सुताला सगळेच वेगळे. सूत ठरले की कापड ठरते, कापड ठरले की माग ठरतो, आणि माग ठरला की मग बँकेची पायरी चढायची. या क्रमाला उलटे जाणाऱ्यांचे माग भंगारवाल्याच्या काट्यावर लवकर चढतात.

बंदुकीच्या जगातही हाच नियम आहे. आपण बाहेरची माणसे बंदुकीकडे पाहतो. तिची लांब नळी, लाकडी दस्ता, चाप. पण काम करते ते काडतूस. बंदूक म्हणजे त्या काडतुसाला धरून ठेवणारा, पेटवणारा आणि रिकामे पितळ बाहेर टाकणारा सांगाडा. काडतुसापायी काय होऊ शकते हे आपल्याला तरी वेगळे सांगायला नको. १८५७ चा वणवा भडकला त्याचे एक निमित्त नव्या बंदुकीच्या काडतुसाला लावलेली चरबी हेच होते.

आधी काडतूस आणि मग बंदूक, हा क्रम ज्याच्या हातात मुरला होता असा कारागीर म्हणजे जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याचे नाव आपल्याकडे पिस्तुलामुळे कानावर असते. पण त्याची खरी उमेदवारी झाली ती लीव्हर-ॲक्शन रायफलीवर. काउबॉयच्या चित्रपटांत घोडेस्वार चापाभोवतीची लोखंडी कडी खटकन खाली-वर करून गोळ्यांमागून गोळ्या झाडतो, तीच ती रायफल.

मला बंदुकांचे वेड नाही. आयुष्यात मी एकदाही चाप ओढलेला नाही. मी तीस वर्षांहून अधिक काळ बँकेत काढला, त्यातला बराचसा भिवंडीत. कर्जाच्या अर्जामागच्या माणसांनीच मला कादंबरीकार केले. यंत्रापुढे वाकून बसलेला, हाताला तेल लागलेला, कमी बोलणारा माणूस हा माझ्या कायमच्या कुतूहलाचा विषय आहे. माग नुसत्या आवाजावरून दुरुस्त करणारे जॉबर मी पाहिले आहेत. ब्राउनिंग त्याच जातकुळीतला.

त्याचा बाप जोनाथन हाही बंदुका घडवणारा. मॉर्मन पंथाच्या लोकांना इलिनॉयमधून उठावे लागले, तेव्हा त्यांच्याबरोबर तोही निघाला आणि १८५२ साली युटाच्या रखरखीत मुलखात पोचला. तीन संसार आणि २२ मुले. माउथ ऑर्गनसारखी आडवी सरकणारी पट्टी लावून एकामागून एक गोळ्या सोडणारी रायफल त्याने पूर्वीच बनवली होती. ऑग्डेन गावातल्या त्याच्या दुकानात बंदुकांपासून शेतीच्या अवजारांपर्यंत काहीही दुरुस्तीला येई. २३ जानेवारी १८५५ रोजी जन्मलेला जॉन या भंगाराच्या ढिगातच वाढला. कोवळ्या वयात त्याने एक मोडकी नळी, फळकुटाचा दस्ता आणि तार यांतून बंदूक जुळवली आणि धाकट्या भावाला, मॅटला, घेऊन रानकोंबड्या मारून आणल्या, असे सांगतात. शाळा जुजबी झाली. बंदूक मात्र तो सुटी करून पुन्हा जोडता जोडता शिकला.

१८७९ हे त्याच्या आयुष्यातले मोठे वर्ष. त्या एप्रिलमध्ये त्याचे लग्न झाले, जूनमध्ये बाप गेला आणि ऑक्टोबरमध्ये एकगोळी रायफलीचे पेटंट हाती आले. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. भावांना बरोबर घेऊन त्याने ऑग्डेनमध्ये छोटासा कारखाना काढला आणि सहाशेच्या आसपास रायफली हाताने बनवल्या. त्यातली एक फिरत फिरत पूर्वेकडच्या विंचेस्टर कंपनीच्या हाती पडली. कंपनीचा कारभारी थॉमस बेनेट १८८३ साली रेल्वेने देशाच्या दुसऱ्या टोकाला आला. मोठा कारखाना पाहायला मिळेल असे त्याला वाटले असणार. दिसले ते पोरसवदा भावांचे एक वर्कशॉप. त्याने ८,००० डॉलर देऊन त्या रायफलीचे हक्क विकत घेतले. पण त्याला खरी ओढ लागली होती ती ब्राउनिंगच्या डोक्यात घोळत असलेल्या दुसऱ्या एका रायफलीची.

इथे थोडे यंत्रात शिरावे लागेल. काडतूस म्हणजे पितळेची एक टोपी. बुडाशी दिवाळीतल्या टिकलीसारखी स्फोटक टिकली, आत दारू, तोंडाशी गोळी. चाप ओढला की टिकली फुटते, दारू पेटते आणि गोळी पुढे जाते. पण जितक्या जोराने गोळी पुढे जाते, तितकाच जोर मागेही येतो. मागचे दार पक्के नसेल तर तो नेमबाजाच्या तोंडावर येतो. म्हणून काडतूस किती लांब आणि किती जोराचे, यावर मागचे दार कसे हवे ते ठरते.

विंचेस्टरची १८७३ ची प्रसिद्ध लीव्हर-ॲक्शन रायफल ४४-४० हे काडतूस वापरी. पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, इंचाच्या शंभराव्या भागात. दुसरा दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये. सुमारे १३ ग्रॅमची गोळी, बेताची दारू. त्या रायफलीचे मागचे दार गुडघ्यासारख्या सांध्यावर उभे होते. या काडतुसाला ते पुरे. पण अमेरिकन लष्कराचे काडतूस होते ४५-७०. गोळी दुप्पट जड, दारू पाऊणपटीने जास्त. अस्वल, रानरेडा, एल्क अशा जनावरांसाठी लोकांना तेच हवे होते. विंचेस्टरने जुनीच रायफल मोठी करून १८७६ साली आणली, पण लष्कराचे ते लांब काडतूस तिच्यातही मावेना. तिच्यासाठी आखूड, फुगीर काडतूस वेगळे करावे लागले. म्हणजे सुताला माग शोधण्याऐवजी मागाला सूत शोधण्याचा प्रकार.

ब्राउनिंगने तो सांधाच काढून टाकला. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांना अडसर असतात ना, तसे दोन उभे पोलादी अडसर त्याने मागच्या दाराच्या दोन्ही अंगांना बसवले. कडी खाली ओढली की अडसर खाली उतरून दार सुटते, कडी वर नेली की ते चढून दार घट्ट. १८८६ ची विंचेस्टर रायफल ती हीच. आता ४५-७० सारखी दांडगी काडतुसेही तिच्यात सुखाने नांदू लागली.

मग कंपनीला तीच रायफल लहान काडतुसांसाठी हवी झाली. कारणही व्यवहाराचे होते. रानात फिरणाऱ्या माणसाच्या कमरेच्या पिस्तुलालाही ४४-४० चेच काडतूस चाले. एकच पट्टा, दोन्ही हत्यारांची सोय. दिवसभर खोगिरावर बसणाऱ्याला अस्वलाचे काडतूस म्हणजे खांद्याला त्रास आणि खिशाला खड्डा. महिन्याभरात नमुना दिला तर २०,००० डॉलर, नाही तर फुकट, अशी पैज ब्राउनिंगने लावली आणि जिंकली, असे सांगतात. ती १८९२ ची रायफल. मोठे ते चांगले, असा त्याचा हट्ट नव्हता. कामापुरता जोर, हे त्याचे माप होते.

तेवढ्यात दारूच बदलली. काळी दारू धुराचा ढग उडवी आणि नळीत काजळी ठेवी. बिनधुराची दारू आली, तिने थोडक्या मापात कितीतरी जास्त जोर दिला. त्यामुळे गोळी बारीक आणि हलकी केली तरी चालू लागली. ब्राउनिंगची १८९४ ची रायफल प्रथम काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली, पण पुढच्याच वर्षी अधिक चिवट पोलादाची नळी लावून ती नव्या काडतुसासाठी आली. ते थर्टी-थर्टी. साधारण ११ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६०० मीटर किंवा त्याहून जास्त वेगाने जाणारी. जुन्या ४४-४० च्या दुपटीहून जास्त जोर, तरी खांद्याला सोसवणारा धक्का. सव्वाशे-दीडशे मीटरवरच्या हरणासाठी यापरते योग्य काडतूस नाही, असे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या मानत आल्या. या एका नमुन्याच्या ७० लाखांहून जास्त रायफली बनल्या.

या रायफलींत एक गोम होती. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक ओळीने बसत. मागच्या काडतुसाच्या गोळीचे नाक पुढच्याच्या बुडाला, म्हणजे नेमके टिकलीला, टेकलेले. नाक टोकदार असेल आणि धक्का बसला, तर हातातल्या हातात स्फोट. म्हणून अशा रायफलीला चपट्या किंवा बोथट नाकाचीच गोळी लागते. आणि बोथट नाक हवेत लवकर मंदावते, म्हणून पल्ला बेताचा. गेल्या वीस वर्षांत रबरासारख्या मऊ टोकाच्या गोळ्या निघाल्या आणि ही अडचण पुष्कळशी सुटली. ब्राउनिंगने मात्र तेव्हाच, १८९५ च्या रायफलीत, नळी काढून चापाच्या पुढे पेटी बसवली. काडतुसे एकावर एक. टोकदार गोळीचे भय संपले.

या पेटीने लीव्हर-ॲक्शन रायफलीला जगभरच्या लष्करी काडतुसांची दारे उघडली. आपल्या पोलिसांमुळे घरोघर ठाऊक झालेले ब्रिटिशांचे थ्री-नॉट-थ्री तिच्यात चाले. पहिल्या महायुद्धात रशियाने आपल्या काडतुसाच्या मापाच्या जवळजवळ तीन लाख घेतल्या. आणि १९०४ साली तिच्यासाठी एक दणकट काडतूस निघाले, फोर-नॉट-फाइव्ह. साडेएकोणीस ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ६७० मीटरच्या आसपास. अध्यक्षपद सोडल्यावर थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत शिकारीला गेले ते याच जोडीवर भरवसा ठेवून. सिंहाला ते पुरे पडले. पण रुंद, बोथट गोळी गेंड्या-हत्तीच्या जाड कातड्यात आणि हाडांत खोलवर जायला कमी पडते, हे शिकारी शिकले. दक्षिण भारतात नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या मागे फिरलेला, बंगळूरच्या विमान कारखान्यात नोकरी करणारा केनेथ अँडरसन याचीही जन्माची सोबतीण हीच रायफल आणि हेच काडतूस. दाट रानात वाघ पाच-पंचवीस पावलांवर दिसतो. तिथे लांबचा पल्ला कामाचा नाही. जड गोळी आणि खांद्यावरून रायफल न उतरवता भरता येणारी दुसरी गोळी कामाची.

तो काळ गेला, आणि बरे झाले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडची शिकार संपवली. पण योग्य काडतूस कोणते हा प्रश्न संपला नाही. तो मी माझ्या शाखेतही पाहिला आहे. आमच्या रखवालदाराकडे बारा बोअरची दुनळी होती. तो लष्करातून निवृत्त झालेला. ठरल्या वेळी त्याची काडतुसे मोजून नोंदवहीत सही करणे हे अधिकाऱ्याचे काम. पगाराच्या दिवशी शाखेत पाय ठेवायला जागा नसे. मागवाले, कामगार, सायझिंगचे कारकून, कडेवर पोरे घेतलेल्या बायका. या गर्दीत हे काडतूस नेमके कशासाठी, असे मी एकदा त्याला विचारले होते. त्याच्या उत्तराचा आशय असा होता, की गर्दीत एकही छर्रा उडू नये म्हणूनच ती दुनळी दारात दिसायला हवी. सैन्यातला माणूस हे बोलत होता, म्हणून माझ्या लक्षात राहिले.

आपल्या शस्त्रपरवान्याच्या अर्जातही हत्यार कशासाठी हवे ते लिहावे लागते: पीकरक्षण, स्वसंरक्षण, नेमबाजी. वर्षाला काडतुसे किती, हेही परवान्यावर असते. थ्री-नॉट-थ्रीसारखी लष्करी मापे सामान्य माणसाला वर्ज्य, म्हणून नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल निघाली. बँकेच्या अर्जातही असाच रकाना असतो, कर्जाचे प्रयोजन. रक्कम किती, यापेक्षा मी तो रकाना आधी वाचत असे.

ब्राउनिंगच्या उत्तरायुष्यात नेमका हाच रकाना धूसर होत गेला, असे मला वाटते.

दारूच्या वायूने त्याला आणखी एक वाट दाखवली होती. १८८९ साली बंदूक झाडताना नळीतून निघालेल्या वायूने बाजूचे गवत लवलेले त्याने पाहिले. एवढा जोर वाया जातो, तोच पुढचे काडतूस भरायला लावला तर? कडी हाताने ओढायची गरजच उरणार नाही. त्यातून त्याची यंत्रबंदूक झाली आणि मग पिस्तुले. इथे तर तो काडतुसेही स्वतःच आखू लागला. खिशातल्या पिस्तुलासाठी नाजूक, लष्करी पिस्तुलासाठी जाड .४५, आधी काडतूस, मग त्याभोवती पिस्तूल. १९०२ मध्ये आपोआप भरणाऱ्या शॉटगनच्या मोबदल्यावरून बेनेटशी बिनसले. एकोणीस वर्षांचा संबंध तुटला. रेमिंग्टन कंपनीच्या अध्यक्षांना भेटायला तो गेला, तर भेटीच्याच दिवशी ते हृदयविकाराने वारले. मग तो बोटीत बसून बेल्जियमला गेला, लिएझजवळच्या कारखान्यात. तिथे त्याचे पिस्तूल आधीपासूनच बनत होते.

१९०८ साली त्याने .३८० चे काडतूस केले. युरोपात त्याला आखूड नऊ मिलिमीटर म्हणतात. कोटाच्या खिशात मावेल अशा पिस्तुलात बसणारे, साधा मागचा स्प्रिंगदार ठोकळा पेलू शकेल एवढ्याच जोराचे. कारागिरीच्या मापाने नमुनेदार. पण थर्टी-थर्टी हरणासाठी होते, फोर-नॉट-फाइव्ह मोठ्या जनावरासाठी. हे आखूड काडतूस कोणासाठी? चार-सहा पावलांवर उभ्या असलेल्या माणसासाठी.

२८ जून १९१४ रोजी साराएव्होत एका एकोणीस वर्षांच्या मुलाने ऑस्ट्रियाचा युवराज आणि त्याची पत्नी यांच्यावर दोन गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगने आखलेले, बेल्जियममध्ये बनलेले, मॉडेल १९१०. काडतूस .३८०. त्यानंतर महिन्याभरात महायुद्ध. आणि ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत, बिर्ला भवनाच्या हिरवळीवर गांधीजींच्या छातीपोटात तीन गोळ्या गेल्या. पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे, ग्वाल्हेरात मिळवलेले. मारेकरी आपल्या पुण्याचा. पण त्या पिस्तुलात जे काडतूस होते ते आखूड नऊ मिलिमीटर, म्हणजे ब्राउनिंगचेच .३८०. ऑग्डेनच्या कारागिराला जाऊन तेव्हा एकवीस वर्षे झाली होती.

त्याला दोषी धरावे, असे मी म्हणत नाही. माग बनवणारा त्यावर विणलेल्या कफनाला जबाबदार नसतो. माणूस म्हणून तो सरळ होता. धर्मकार्यासाठी तो १८८७ ते १८८९ अशी दोन वर्षे सारे आरेखन बाजूला ठेवून जॉर्जियात दारोदार फिरला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने त्याच्या यंत्रबंदुकांच्या हक्कांसाठी एकरकमी साडेसात लाख डॉलर देऊ केले. नगामागे मोबदला धरला असता तर कितीतरी पट मिळाले असते. घासाघीस न करता त्याने होकार दिला. पैशाचा लोभी माणूस असे करत नाही.

पण एक फरक मात्र मला दिसतो. लीव्हर-ॲक्शन रायफल आखताना योग्य काडतूस ठरवायला त्याला समोर जनावर आणावे लागे, अंतर आणावे लागे, घोडेस्वाराचा खांदा आणावा लागे. योग्य हा शब्द तिथे पुऱ्या अर्थाने योग्य होता. पिस्तुलात आणि यंत्रबंदुकीत मापे उरली ती फक्त यंत्राची: लांबी, जोर, वेग. प्रयोजन लिहिण्याचे काम त्याने दुसऱ्यांवर सोडले, आणि दुसऱ्यांनी ते आपापल्या परीने भरले. बँकेत कर्ज मंजूर झाल्यावर आम्ही माग खरोखर बसला का, हे पाहायला शेडवर जात असू. काडतुसाच्या विनियोगाची तपासणी बहुधा पंचनाम्यातच होते.

भाऊ मॅट १९२३ साली गेला. हिशेब, करार, दुकान सांभाळणारा तोच. जॉन तरीही काम करत राहिला. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी लिएझजवळच्या त्याच कारखान्यात, मुलगा व्हाल याच्या कचेरीत, त्याचे हृदय बंद पडले. वय ७१. नावावर १२८ पेटंटे. हाती एक नवे पिस्तूल अर्धवट होते; ते कारखान्यातल्या दुसऱ्या कारागिराने पुरे केले आणि १९३५ मध्ये बाजारात आणले. पुढे आपल्या ईशापूरच्या कारखान्यात त्याचीच नक्कल बनू लागली आणि भारतीय सेनाधिकाऱ्यांच्या कमरेला लागली. मृतदेह बोटीने अमेरिकेत नेला, लष्करी मान दिला आणि ऑग्डेनला पुरला.

त्याने घडवलेल्या लीव्हर-ॲक्शन रायफलींचे नमुने आजही नव्याने बनतात, आणि त्या घेणारा आजही आधी हेच विचारतो, की काडतूस कोणते घ्यावे. जाणता माणूस त्याला आकडे सांगण्यापूर्वी उलट विचारतो, कशासाठी हवे आहे? माझ्या मते तो जाणता माणूस ब्राउनिंगचा खरा शिष्य. या प्रश्नाचे उत्तर गिऱ्हाईक टाळू लागले, तर दुकानदाराने कपाटाला कुलूप लावलेले बरे.